आखणीवाल्याची साखर

रक्ताचा थेंब कधी खोटे बोलत नाही.

हे वाक्य माझ्या पेणच्या लॅबमध्ये सोनेरी अक्षरांत, काचेच्या चौकटीत, एकतीस वर्षे टांगलेले होते. आत आलेला माणूस ते वाचून गंभीर होई आणि कोर्टात शपथ घ्यावी तसे बोट पुढे करी. वाक्य कोणा ऋषीचे नव्हते. साखर तपासायच्या पट्ट्या विकणारा एक एजंट होता. एका दिवाळीला त्याच्याकडची कॅलेंडरे संपली, म्हणून त्याने ती चौकट दिली होती.

मी मात्र ते वाक्य मनापासून मानत होतो. सकाळी उपाशीपोटी एक थेंब, जेवणानंतर दोन तासांनी दुसरा थेंब, दर तीन महिन्यांनी सरासरी सांगणारी तिसरी तपासणी, आणि खाली माझी सही. माझे रिपोर्ट चुकत नसत. ह्याचा मला अभिमान होता आणि अजूनही थोडा आहे. फक्त थेंब ज्या मिनिटाला काढला त्या मिनिटापुरताच बोलतो आणि बाकी दिवसाबद्दल विचारले तर गप्प बसतो, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा मी लॅब बंद केली. सहा महिने घरी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचले. मग पेणमधल्या एका मधुमेहाच्या डॉक्टरांनी बोलावले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. त्यांना सेन्सर लावून देणारा, माणसांना तो समजावून सांगणारा आणि नंतर त्याचे आलेख वाचणारा कोणीतरी हवा होता. आठवड्यातले पाच दिवस पेण आणि गुरुवारी रोहा, असे तेव्हापासून चालले आहे.

सेन्सर म्हणजे काय, हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो, इथे एकदा सांगतो. रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी पांढरी चकती असते. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. तिला खाली केसासारखी एक मऊ तार असते, ती कातडीखाली राहते. लावताना टच् असा आवाज होतो. माणूस डोळे मिटून "लावा" म्हणतो तेव्हा मी "लावला" म्हणतो. ही तार रक्त मोजत नाही. पेशींच्या मधे जे पाणी असते त्यातली साखर मोजते, दर काही मिनिटांनी, दिवसरात्र, सुमारे चौदा दिवस. रक्तातली साखर आधी हलते, ह्या पाण्यातली दहा-पंधरा मिनिटांनी. सेन्सर म्हणजे पाठीमागच्या डब्यातला गार्ड. इंजिन वळणावर वळले हे त्याला थोडे उशिरा कळते. म्हणून घाई असेल, शंका असेल, तर बोट टोचून बघायचे. एवढेच शास्त्र. बाकी सगळे माणूस.

आणि माणसे काही कमी नव्हती. डोळवीच्या कंपनीतले एक साहेब स्वतःच्या साखरेचे आलेख रंगीत छापून, प्लास्टिकच्या फाइलीत लावून आणत आणि डॉक्टरांना "मागच्या तिमाहीच्या तुलनेत" अशी सुरुवात करून सांगत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सेन्सर लावल्याच्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. का, तर "आता मशीन लावलंय ना?" घरात घड्याळ लावले म्हणून गाडी वेळेवर येत नाही, हे त्यांना सांगायला मला अर्धा तास लागला. वैशाखात कोकणी घामाने चकत्या सुटून पडतात, ते वेगळेच. एक बाई तर सुटलेली चकती डबीत घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अजून दाखवते काय बघा."

रोह्याच्या रुकय्याआपा ह्या सगळ्यांच्या वर होत्या. सत्तरीच्या, नवऱ्याचे तांदळाचे दुकान होते, मुलगा कतारला. मुलाने आईच्या दंडावर सेन्सर लावायला लावला आणि आईच्या मोबाइलवरचे आकडे आपल्या मोबाइलवर दिसतील अशी सोय करून घेतली. मला ती सोय फार थोर वाटली होती. विज्ञानाने समुद्र ओलांडला वगैरे मी बोललोही होतो. पुढच्या गुरुवारी आपा आल्या त्या भांडतच.

"भाऊ, ह्ये काढा. माजा पोर तिकडं बसून माजी साखर बघतो. खजुराचं बी तोंडातून काढायच्या आत फोन. 'अम्मी, क्या खाया?' अरे, आधी विचारायचास अम्मी कशी हाय. आता विचारतो दोनशे दहा कसे झाले."

"काळजी करतो, आपा."

"काळजी करतो तर ये म्हणावं हितं. जेवताना मी आता मोबाइल शेजारणीकडं ठेवते."

शेजारणीकडे मोबाइल ठेवला की आकडे तिकडे जात नाहीत, हे आपांनी कोणी न शिकवता शोधून काढले होते. पण घरी आल्यावर मोबाइल जवळ आला की मधल्या वेळचे सगळे आकडे सेन्सर एकदम सांगून टाकतो, हे त्यांना माहीत नव्हते. मी सांगितले नाही. घरगुती बाबतीत तंत्रज्ञाने फार पडू नये.

हे सगळे लोक मजेचे. ज्या माणसाबद्दल लिहायला मी बसलो आहे तो मजेचा नव्हता.

दामूदादा पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मूर्ती साच्यातून निघते, रंग आता बंदुकीने उडवतात, दागिने बायका भरतात, पण डोळे हाताने काढावे लागतात. त्याला आखणी म्हणतात. बारीक ब्रश, श्वास धरलेला, एक रेघ वरची, एक खालची, मग बुबुळ. तोपर्यंत मूर्ती म्हणजे माल असतो. कोणी तिला ओलांडून जाते, कोणी तिच्या मांडीवर चहाचा कप ठेवते. डोळे झाले की तिला कोणी ओलांडत नाही. पस्तीस वर्षे दामूदादा हे करत होते, आणि गेल्या वर्षीच्या चैत्रापासून त्यांचा हात थरथरू लागला.

रोज नाही, दिवसभरही नाही. साधारण अकरा-साडेअकराला. कपाळावर घाम, ब्रश टोकाला कापू लागे. एकदा एका मूर्तीचे डावे बुबुळ असे सरकले की देव शेजारच्या मूर्तीकडे संशयाने बघतोय असे दिसू लागले. ते पुसून परत केले. मग तसे आणखी दोनदा झाले. कारखान्याच्या मालकांनी ठरवले की यंदा मंडळांच्या मोठ्या मूर्तींची आखणी सुनेने करायची. सून वैदेही, मुंबईला चित्रकला शिकून आलेली. तीच दामूदादांना घेऊन आमच्याकडे आली.

"काका, मला त्यांचं काम नको आहे," ती बाहेरच मला म्हणाली. "कागदावर मी शिकून आले, पण मूर्तीवर ब्रश कसा टेकवायचा ते मला दादांनी शिकवलं. त्यांच्या हातातून काढून मी कसं घेऊ? आणि घेतलं तर ते दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात येणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

दामूदादा आत खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत होते. अठ्ठावन्न वर्षांचा, काटक माणूस. नखांच्या कडांना पांढरा रंग.

त्यांची फाइल माझ्या ओळखीची होती, कारण तिच्यातल्या बहुतेक रिपोर्टांवर माझीच सही होती. मधुमेह नऊ वर्षांचा. उपाशीपोटीची साखर जास्त, जेवणानंतरची त्याहून जास्त, तीन महिन्यांची सरासरी जास्त. म्हणून डॉक्टरांनी सकाळचे इन्सुलिन वाढवले. तीन महिन्यांनी सरासरी पुन्हा जास्त, म्हणून पुन्हा वाढवले. प्रत्येक पायरी पुस्तकाप्रमाणे होती.

आता माझ्या कबुलीचा भाग. त्याआधी चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला विचारले होते, "ह्यांचा हात थरथरतो म्हणतात. तुम्ही गावातले आहात. काही माहिती?" मी गावातला असल्यामुळे गावात जे बोलत होते ते मला माहीत होते. मी म्हणालो, "बहुतेक घेत असतील." डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी ते फाइलीत लिहिले नाही, पण त्यानंतर त्यांनी हाताबद्दल विचारणेही बंद केले. एकतीस वर्षे थेंब बघितल्याशिवाय एक ओळ न लिहिणारा मी, आणि एका माणसाबद्दलचा निकाल मी पानाच्या टपरीवरून आणून दिला होता.

वैदेहीने हट्ट धरला म्हणून डॉक्टरांनी सेन्सर लावायचे ठरवले. दामूदादांकडे साधा फोन होता, म्हणून जो चौदा दिवस आतल्या आत नोंद साठवतो आणि नंतर आम्ही यंत्राने वाचतो, तसला लावला. डाव्या दंडावर, कारण उजवा कामाचा. सोबत एक कागद दिला. वेळ आणि काय खाल्ले, एवढे दोन रकाने.

चार दिवसांनी मी सहज कारखान्यात डोकावलो, तर दंडावर सेन्सर दिसेना. "दादा, पडला की काय?"

"हाय की." त्यांनी दंड वळवून दाखवला. त्यांनी चकतीला स्वतःच्या कातडीचा रंग दिला होता. हुबेहूब, उन्हाने रापलेल्या दंडाचा, मधले बारीक भोक तेवढे सोडून. "पांढरा ठिपका बरा दिसत नव्हता. नजर सारखी तिकडंच जायची."

मी पस्तीस-चाळीस वर्षे लॅबमध्ये आणि दवाखान्यांत काढली. यंत्राला माणसाशी जुळवून घ्यायला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

चौदावा दिवस नेमका गुरुवारी आला. त्या दिवशी आम्ही रोह्याला, म्हणून वैदेही दामूदादांना गाडीने रोह्यालाच घेऊन आली. तिथला आमचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे तपासणी, पलीकडे बाकावर बसलेले लोक. पडदा नजरेपुरता आहे, कानांसाठी आम्ही काही सोय केलेली नाही.

मी यंत्र दंडाला लावले, आलेख संगणकावर आला. डॉक्टरांनी तो पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सरकवत पाहिला. मग त्यांनी खाण्याचा कागद मागितला. दामूदादांनी खिशातून घडी काढून दिली.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले. "सकाळी नऊ ते एक, बालगणेश सात. दुसऱ्या दिवशी सिंहासनवाले चार. बालगणेश ही काय मिठाई आहे?"

"मूर्ती हायत," दामूदादा म्हणाले. "किती आखल्या त्या लिहिल्या. मला वाटलं कामाची नोंद पायजे."

वैदेहीने कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी मात्र कागद आलेखाच्या शेजारी धरला आणि मला जवळ बोलावले. दोन्ही बाजूंना बोट ठेवत मी खाली आलो. मूर्ती लिहिलेल्या प्रत्येक दिवशी नऊपासून रेघ उतरत होती. अकरा-साडेअकराला साठ, अठ्ठावन्न, एकदा बावन्न. सत्तरच्या खाली साखर गेली की हात थरथरतो, घाम फुटतो. हे आमच्या धंद्यातले पहिलीच्या पुस्तकातले वाक्य. मग एक वाजल्यानंतर रेघ सरळ वर, अडीचशे, दोनशे ऐंशी, आणि रात्रीपर्यंत तिथेच. जितक्या मूर्ती जास्त तितकी दरी खोल. ज्या दिवशी मूर्ती नाहीत त्या दिवशी दरीही नाही. मधला एक रविवार सपाट होता.

"सकाळी इंजेक्शन किती वाजता घेता?"

"सातला. तुमीच सांगितलंय."

"आणि नाश्ता करता ना? मी दर वेळी विचारतो, तुम्ही हो म्हणता."

"करतो की. एक वाजता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

मग हळूहळू बाहेर आले. दामूदादा ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांचा नेम होता: डोळे होईपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही नाही. तो देव अजून उपाशी, त्याने अजून काही बघितलेसुद्धा नाही, आपण आधी कसे खायचे? आखणीच्या दिवसांत दामूदादा सातला सुई टोचून घेत, नऊला बसत आणि दिवसाचे डोळे संपले की उठत. हात कापू लागला की वय झाले असे समजून दात आवळून रेटत. एकला सुटले की भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येई, मग बटाटेवडे, पाव, गोड चहा, जे समोर येईल ते. आणि तपासणीला लॅबमध्ये येत ते कोणत्या दिवशी? सुट्टी घेऊन, आखणी नसलेल्या दिवशी. उपाशीपोटी एक थेंब, जेवून एक थेंब. मला दरी कधी दिसलीच नाही. मी दोन डोंगर मोजले, सही केली, आणि त्यावरून डॉक्टरांनी औषध वाढवून दरी आणखी खणली. सगळे रिपोर्ट बरोबर होते.

"दादा," मी म्हणालो, "मी डॉक्टरांना सांगितलं होतं की तुम्ही घेता म्हणून हात हलतो."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितले. "घेतो की. शिमग्याला. तवा नाय हलत."

डॉक्टर म्हणाले, उद्यापासून सातला इंजेक्शन आणि साडेसातला नाश्ता, पोटभर. दामूदादा म्हणाले, नाय. डॉक्टरांनी मेंदूवर काय परिणाम होतो ते सांगितले. दामूदादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, नाय. आवाज चढला नाही, पण त्या 'नाय'ला दार नव्हते. वैदेही रडवेली झाली. "दादा, मग सासरे मला बसवणार हो त्या मूर्तींपुढे!"

"बस की मग. पण खाऊन डोळे काढायचे मला नाय जमायचं. माज्या हातून नाय व्हायचं ते."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि रुकय्याआपांचे डोके आत आले.

"डॉक्टर, मी बोलू काय? रमजानात तुमी माजी सुई हलवता का नाय? सकाळची संध्याकाळी करता, कमी करता. मग ह्याचा रोजाच हाय की. ह्याची हलवा."

डॉक्टरांनी टेबलाचा खण ओढला. त्यांच्याकडे रोज्याचे वेगळे तक्ते होते, दर वर्षी काढायचे, छापील. कोणत्या औषधाचे काय करायचे, कधी तपासायचे, सगळे. रोह्याच्या निम्म्या पेशंटांसाठी ते वापरत. पेणला नेमाने उपाशी राहणारा माणूस असू शकतो हे त्यांना सुचले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

आपा आता पूर्ण आत आल्या होत्या. "आणि ऐक भाऊ," त्या दामूदादांना म्हणाल्या. "साखर पडली, जीव घाबरला, तर आमच्यात रोजा सोडायचा असतो. हुकूमच हाय तसा. मागनं भरून काढायचा. तुला कोण नाय म्हणतो काय?"

"देवाचं काम हाय, आपा."

"तुजा देव तर हातात लाडू घेऊनच बसलाय रे! तो तुला उपाशी ठेवील?"

दामूदादा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. नीट हसूसुद्धा नव्हते, मिशीची एक बाजू हलली.

तह असा झाला. सकाळचे इंजेक्शन बंद. औषध बदलून, कमी करून, एक वाजताच्या जेवणाबरोबर. उपास तसाच. पण आता आवाज करणारा सेन्सर लावायचा, त्याचा मोबाइल वैदेहीकडे. सत्तरच्या खाली गेले आणि वाजले, तर ब्रश खाली ठेवून साखर खायची, मग पुढे. शेवटचे कलम दामूदादांनी "बघू" म्हणून मान्य केले. आपा जाताना मला म्हणाल्या, "बघा, ह्याला फोन करणारा पोर परदेशात नाय, म्हणून डॉक्टरला सापडायला येवडा वेळ लागला." आपांना सेन्सर आवडू लागला होता की मुलाचे कौतुक होते, मला कळले नाही.

दहा-बारा दिवसांत हात थांबला. सेन्सर एकदाही वाजला नाही. तरी मालकांचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी सांगितले, मंडळाची नऊ फुटी मूर्ती आधी होऊ दे, दामूने ती केली तर बाकी मोठ्या त्याच्या. नाही तर वैदेही.

त्या दिवशी वैदेहीने मलाही बोलावले. मूर्तीपुढे बांबूची परांची, वर फळी, फळीवर दामूदादा. खाली मालक हाताची घडी घालून उभे, बाकी कारागीर काम करण्याचे सोंग करत होते. उजवा डोळा सुरू झाला. वरची रेघ जवळजवळ फूटभर लांब होती. ती त्यांनी एका श्वासात ओढली. उजवा डोळा पूर्ण झाला. त्यांनी ब्रश बदलला, डावीकडे सरकले, आणि वैदेहीच्या हातातला मोबाइल वाजला.

सदुसष्ट. बाण खाली, म्हणजे साखर अजून उतरत होती.

"दादा, उतरा."

"एक डोळा झालाय."

"दादा!"

"एक डोळा झालाय गो. मधे उठत नाय कोणी."

मालकांनी घडी सोडली. वर नऊ फुटांचा देव एका डोळ्याने आमच्याकडे बघत होता. मी खालून ओरडलो, "सकाळी सुई घेतलीत काय?"

वरून आवाज आला. "आज मोठा दिवस. म्हटलं, औषध तरी नीट घ्यावं."

म्हणजे जुन्या सवयीने जुने इंजेक्शन, सातला, उपाशीपोटी. माझ्या व्यवसायातली अर्धी संकटे निष्काळजी माणसांनी आणलेली नाहीत. ती मनापासून काळजी घेणाऱ्यांनी आणलेली आहेत.

दामूदादांनी डावा हात पुढे धरून बघितला. मग उजवा. आम्हाला खालून दिसत नव्हते, त्यांना दिसले असावे. त्यांनी ब्रश आडवा ठेवला आणि मागे सरकत, एकेक बांबू चाचपत, खाली आले. वैदेहीने साखरेचे पाणी आधीच ढवळले होते. ते त्यांनी देवाकडे पाठ करून प्यायले.

मग पंधरा मिनिटे थांबायचे. माझ्या आयुष्यातल्या लांब पंधरा मिनिटांत ती मोडतात. मालक मोबाइलकडे बघत होते. "अजून अडुसष्टच दाखवतंय. काय उपयोग झाला?" मी त्यांना गार्डाच्या डब्याचे उदाहरण दिले नाही, त्यांची मनःस्थिती नव्हती. खिशातून जुने यंत्र काढले, दामूदादांचे बोट पुसले, टोचले. शहाण्णव.

"चढा," मी म्हणालो. "पण अर्धा तास. ती सुई अजून आत आहे, साखर परत उतरेल. डोळा करायचा आणि सरळ जेवायला बसायचं."

"अर्धा तास लागतो कशाला?" दामूदादा म्हणाले आणि चढले.

अकरा मिनिटे लागली. मी घड्याळ लावले होते. उतरून त्यांनी मालकांकडे बघितले नाही, मूर्तीकडेही नाही. पानावर बसले आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. मालकांनी दोन्ही डोळे खालून निरखले आणि कोणाला तरी म्हणाले, "परांची काढा." त्यावरून सगळ्यांना निकाल कळला.

मला त्या दिवसाने थोडे बिघडवले, हे कबूल केले पाहिजे. घरचा गणपती मी मुद्दाम त्या कारखान्यातून आणला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी त्याच्यासमोर बसवी आणि सांगे, डोळे बघा. ही स्थिरता बघा. ह्या दोन रेघांमागे श्रद्धा आणि विज्ञान कसे उभे आहे ते बघा. आयुष्यभर समारंभातल्या भाषणांना मागच्या रांगेत बसून हसलेला मी माणूस, पण माझे भाषण दिवसागणिक सुधारत गेले. शेजारच्या बाईंनी तर पदराने डोळे टिपले.

तिसऱ्या दिवशी दामूदादा आणि वैदेही दर्शनाला आले. मी दादांना पुढे बसवले. खोलीत दहा-बारा माणसे होती. मी जरा भरल्या आवाजात म्हणालो, "दादा, ह्या डोळ्यांकडे बघितलं की वाटतं, इतकी वर्षं लोकांची बोटं टोचली त्याचं चीज झालं."

दामूदादांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुढे वाकून बघितले.

"चांगले हायत," ते म्हणाले. "पण माजे नाय. मी आता चार फुटांच्या वरचेच करतो. खालचे सगळे वैदेहीचे."

आमचा गणपती सव्वा फुटाचा आहे.